शमुवेल मास्तरांची कच्ची शिलाई

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातल्या एका वचनाचा मूळ ग्रीक अर्थ मी नांदेडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, उपदेशाच्या पुलपिटावर उभा राहून, ठणकावून चुकीचा सांगितला; आणि तो ऐकून एस्तेरमावशींनी इन्सुलिन घेणं बंद केलं.

ह्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही. मी करून बघितली आहे. मला ग्रीक येत नव्हतं, आजही येत नाही. यायचं ते लातूरच्या शमुवेल मास्तरांना. मला सांगायचंय त्यांच्याबद्दलच, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट माझ्या ह्या गाढवपणावरूनच जाते, त्याला इलाज नाही.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. शाळामास्तर मी. ते शिंपी. गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. आत एक मशीन, एक मास्तर आणि एक गिऱ्हाईक एवढंच मावायचं. दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्यानं पायरीवर उतरायचं. समोरच्या भिंतीवर आरसा. त्याचा खालचा कोपरा फुटलेला, त्यामुळं अख्ख्या लातूरच्या पॅन्टी घोट्यापाशी फाटक्या दिसायच्या. आणि मशीनच्या डाव्या हाताला, जिथं बाकीचे शिंपी रिळांचा डबा ठेवतात तिथं, बायबलचा एक जाडजूड ग्रीक नवा करार. त्याला मास्तरांनी जीनच्या निळ्या कापडाचं कव्हर शिवलेलं. कव्हरला मागं खिसा. खिशात खडू.

मास्तरांच्या तोंडात कायम दोन-तीन टाचण्या असत. तोंडात टाचण्या असलेला माणूस बोलत नाही. म्हणून अर्ध्या लातूरला ते घुमे वाटायचे, आणि उरलेल्या अर्ध्या लातूरला गर्विष्ठ. मी बी.एड.ला असताना पॅन्ट शिवायला गेलो, तेव्हा माझा पहिल्या अर्ध्यात समावेश होता. पुढं जाऊन जाऊन कळलं की टाचण्या शिलाईपुरत्या नव्हत्याच. समोरच्यानं स्वतःच्या तोंडानं काही कबूल करावं असं वाटलं की मास्तर कॉलरमधली टाचणी काढून ओठात धरायचे आणि बघत बसायचे. माणूस दोन मिनिटं तग धरायचा. तिसऱ्या मिनिटाला घडाघडा बोलायचा.

ते मूळचे निलंग्याकडचे. माप मराठीत सांगायचे, पण मोजायचे कानडीत. "ओंदु, एरडु, मूरु," असं पुटपुटत टेप छातीभोवती फिरायची आणि मग मोठ्यानं "छत्तीस" निघायचं. सातवी पास. ग्रीक शिकले ते एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांमुळं. पाद्रीसाहेबांचे झगे मास्तर शिवायचे. साहेबांची दृष्टी गेली आणि वाचून दाखवायला कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी शिंप्याला अक्षरं शिकवली. मास्तर अर्थ न कळता मोठ्यानं वाचायचे, साहेब अंधारात बसून अर्थ सांगायचे. सहा वर्षं रोज संध्याकाळी हे चाललं. साहेब गेले तेव्हा पुस्तक आणि शब्दकोश मास्तरांकडं राहिला, आणि मोठ्यानं वाचायची सवयही राहिली. त्यामुळं मशीनच्या खडखडाटात मधूनच एखादं ग्रीक वाक्य बोळात ऐकू यायचं आणि शेजारचा भांडेवाला त्या शिव्या समजून म्हणायचा, "मास्तर, लाईट गेली का?"

शब्द डोक्यात आला की हाताशी असेल त्या कापडावर खडूनं लिहायचा, ही त्यांची खोड. बाजारातल्या शिवाप्पा शेठनी मुलाच्या लग्नासाठी कोट टाकला होता. ट्रायलला आले, आरशात वळून बघतात तर पाठीवर पांढरी अक्षरं.

"मास्तर, हे काय, कानडी हाय का?"

"ग्रीक."

"काय लिवलंय?"

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "धीर धरणे. पण नुस्तं बसून न्हाई. ओझं डोक्यावर घेऊन उभं राहणे, त्याला हा शब्द."

शेठ जरा वेळ आरशात बघत राहिले. मुलगी बघायला वर्षभर हिंडत होते बिचारे. म्हणाले, "पुसू नका. आतल्या अंगाला अस्तराखाली राहू द्या. वरून दिसलं तर व्याही म्हणंल, शेठचं डोस्कं फिरलं."

पण मास्तरांचं खरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्या चिठ्ठ्या. माप लिहायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर ते एकेक ग्रीक शब्द घेत. वर शब्द. खाली तो नव्या करारात जिथं जिथं आला असेल ती प्रत्येक जागा, एकही न गाळता. शब्दकोशात बघून अर्थ सांगणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "शब्दकोश म्हंजे रेडिमेड," म्हणायचे. "अंगाला बसलं तर बसलं." आणि चिठ्ठीच्या अगदी तळाला एक ओळ कायम असायची: अंगावर कुणाच्या?

म्हणजे असं की, अर्थ सांगितला की तो कुणाला तरी घालावा लागतो. तेव्हा पक्की शिलाई मारायच्या आधी कच्ची मारायची, आणि ज्याच्या अंगावर तो अर्थ जाणार आहे त्याला समोर बसवून वाचायचा. कुठं काचतंय ते बघायचं. मग उपदेश.

हे ते अक्षरशः करायचे. एक तरुण प्रचारक त्यांच्याकडं आला. नवऱ्याच्या अधीन राहण्याबद्दल पौल जे लिहितो त्यातला मूळ शब्द त्याला उपदेशासाठी हवा होता. मास्तर म्हणाले, "बायकोला घेऊन ये. ट्रायल." तो हसला. मास्तरांनी टाचणी तोंडात धरली. दुसऱ्या दिवशी प्रचारक बायकोला घेऊन आला. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, तो जागेअभावी पायरीवर उभा. मास्तरांनी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि सगळ्या जागा मोठ्यानं वाचायला लावल्या. त्यात बायकांच्या वचनाला अगदी चिकटून, त्याच्याच आधी, एकमेकांच्या अधीन राहा असं सगळ्यांना सांगितलेलं निघालं. वाचता वाचता गडी हळू होत गेला. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, ही चिठ्ठी मला देता का?"

त्या रविवारी प्रचारकानं नोहाच्या तारवावर उपदेश केला.

मला नांदेडला शाळेत नोकरी लागली, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. मास्तरांनी चाळीसेक चिठ्ठ्यांची गड्डी पायजम्याच्या नाडीनं बांधून माझ्या हातात ठेवली. "तुला बोलायची लई खाज हाय," म्हणाले. "बोलायच्या आधी बघत जा."

मी बघितलं नाही. नांदेडच्या आमच्या लहानशा मंडळीत जुनं सागवानी पुलपीट होतं. त्याचा उजवा पाय आखूड, बोलणारा जरा आवेशात आला की ते डुगडुगायचं. एकदा उपासनेच्या आधी ते नीट करायला काहीतरी हवं होतं. माझ्या पिशवीत गड्डी होती. अशी बरोबर बसली म्हणून सांगू, जसं काही मास्तरांनी पुलपिटाचं माप घेऊनच बांधली होती. पुढची सात वर्षं मी त्यांच्या चिठ्ठ्यांवर उभा राहून उपदेश केले.

आता तो रविवार. आमचे पाळक गावाला गेलेले. बोलायला मी. वाचन होतं याकोबाच्या पाचव्या अध्यायातलं: कुणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या कारभाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावानं तेल लावून प्रार्थना करावी. साधं वचन. मराठीत चक्क 'तेल लावणे' आहे. पण साधं वाचलं तर माझी विद्वत्ता कुठं दिसणार? समोर पंख्याखाली लोक पेंगत होते. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "मूळ ग्रीकमध्ये मात्र..."

ह्या तीन शब्दांत काय जादू आहे कोण जाणे. पेंगणारी डोकी वर आली.

'ख्रिस्त' म्हणजे अभिषिक्त, हे प्रत्येक ख्रिस्ती घरात माहीत असतं. त्याचं क्रियापद 'ख्रिओ', हे मी मास्तरांच्या दुकानात कधीतरी ऐकलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी ठोकून दिलं की याकोबानं इथं तोच शब्द वापरलाय. राजाचा अभिषेक, तोच आजाऱ्याचा. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आता पेटीवाला दावीदसुद्धा टक लावून ऐकत होता. मी पुलपिटावर मूठ आपटली. ते डुगडुगलं नाही. म्हणालो, "ज्याच्या अंगाला ख्रिस्ताचं हे तेल लागलं, त्याच्या अंगात दुसरं काही शिरायला जागाच उरत नाही!"

"आमेन," पहिल्या बाकावरून एस्तेरमावशी म्हणाल्या.

एस्तेरमावशी म्हणजे साठीच्या, विधवा, शाळेतल्या खिचडीच्या कामावरून निवृत्त झालेल्या. बावीस वर्षं साखर. उजव्या पायाच्या करंगळीला दोन महिने न भरणारी जखम. मुलगी रिबका एका दवाखान्यात नर्स, ती रोज सकाळ-संध्याकाळ आईला सुई द्यायची. त्याच दिवशी मावशींनी मंडळीचे वडील दानियलकाका ह्यांना घरी बोलावून तेल लावून घेतलं, आणि सोमवारी सकाळी रिबका सुई घेऊन आली तेव्हा हात मागं घेतला.

हे मला गुरुवारी कळलं. शाळा सुटताना रिबका फाटकात उभी होती. चेहरा पांढरा.

"सर, आईनं चार दिवस सुई घेतली न्हाई. मशीननं आकडा दाखवायचं सोडलंय, इतकी साखर वाढलीय. करंगळी काळी पडली. मी काय बी बोलले की म्हणती, सरांनी ग्रीकमधून सांगितलंय."

"अगं पण मी असं कुठं म्हणालो..."

"मी बी होते की मंडळीत. तुमी टेबल बडवून सांगितलाव."

मी आत्ताच येतो म्हणालो आणि गेलो नाही. मास्तरांना फोन केला.

"मास्तर, सलाम. इथं जरा गैरसमज झालाय."

"कुणाचा?"

"एका मावशींचा." मग सगळं सांगावंच लागलं. पलीकडं मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"कोणता शब्द सांगितलास?"

"ख्रिओ."

"पाच-चौदा. उघडून बघितलं होतंस?"

"म्हणजे, संदर्भ तसा..."

"उघडून बघितलं होतंस का?"

"नाही."

मशीन परत सुरू झालं नाही. त्यांनी टाचणी तोंडात धरली असणार. फोनवरसुद्धा ती टोचली.

"मास्तर, तुम्ही याल का? तुमचं ऐकतील त्या. तुम्ही समजावून सांगा."

"पहाटंच्या गाडीनं निघतो. तू आत्ता उठ आणि तिला सांग, मी खोटं बोललो. उद्यावर ठेवू नको."

मी उद्यावर ठेवलं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. तिथं दानियलकाका भेटले आणि कौतुकानं म्हणाले, "सर, काय उपदेश झाला तो! आमच्या पाळकसाहेबांना बी जमलं नसतं." त्यांच्याशी बोलत उभा राहिलो, चहा प्यायलो, परत आलो. उद्या मास्तर येणारच आहेत, ते नीट सांगतील, अशी मनाची समजूत घातली. एका चहासाठी मी बारा-चौदा तास घालवले. त्याचा हिशोब पुढं डॉक्टरांनी सांगितला.

शुक्रवारी सकाळी मास्तर बसमधून उतरले. अहमदपूर, लोहा करत साडेतीन तास उभ्यानं आलेले. वय अठ्ठ्याहत्तर. खांद्याला कापडी पिशवी, त्यात जीनच्या कव्हराचं पुस्तक आणि करडईच्या तेलाची बाटली. मला बघून पहिला प्रश्न, "सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. ते रिक्षात बसले.

मावशी खाटेवर भिंतीला टेकून होत्या. ओठ कोरडे, श्वास भराभर, डोळे मात्र लखलखीत. खोलीत गोडसर, नासका वास. पायावर फडकं. करंगळीच्या शेजारचं बोटही आता जांभळट झालं होतं. रिबका दाराशी उभी होती, बॅग भरलेली.

"सलाम, मास्तर," मावशी म्हणाल्या. "तुमचं लई नाव ऐकलंय सरांकडनं. बसा. परमेश्वर माझी परीक्षा घेऊन राहिला. पास होते का न्हाई बघा."

मास्तर स्टुलावर बसले. मी त्यांच्याकडं बघितलं: आता सांगा. मास्तरांनी कॉलरमधून दोन टाचण्या काढल्या, ओठात धरल्या आणि माझ्याकडं बघत बसले.

मी घसा साफ केला. "मावशी, त्या दिवशीचं जे ग्रीक होतं ना, त्याला तशा बऱ्याच छटा आहेत..."

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "छटा नको. उसव." परत आत.

"म्हणजे मला म्हणायचं होतं की तेल लावावं, पण त्याबरोबर डॉक्टरांचाही सल्ला..."

मावशी समजूतदार हसल्या. "सर, रिबकानं तुमाला रडून गळ घातली का? तुमी मऊ मनाचे. पण पुलपिटावर तुमी न्हाई बोललाव, तुमच्या तोंडून दुसरंच कुणी बोललं. ते मी घरातल्या कुजबुजीवर मोडू का?"

"आई!" रिबका ओरडली. "बोट काळं पडलंय गं! अजून तासभर थांबलं तर पाय जाईल!"

"जाऊ दे."

"मावशी," मी म्हणालो, "मी चुकलो असेन कदाचित."

"कदाचित?" मावशी म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. त्या थांबल्या, परत म्हणाल्या, "बघा मास्तर, त्यांना बी खात्री न्हाई चुकल्याची. पुलपिटावरचं काय मोडायचं असंल तर पुलपिटावर मोडा. तिथं सांगा. मग मी रिबका म्हणंल तिथं चलते."

मास्तर उठले. "चल," मला म्हणाले. "कापड तू कापलंस, शिवलंस बी तूच. उसवणार मी न्हाई."

मंडळीचं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, दवाखान्याच्या रस्त्यावरच आहे. मावशींना आम्ही उचलून रिक्षात घातलं. रिबकानं दवाखान्यात फोन केला, खाट तयार ठेवा म्हणून. दानियलकाकांनी किल्ली आणली आणि कुणाकुणाला हाका मारल्या. दहा-बारा माणसं धावत आली. मावशींना पहिल्या बाकावर आडवं केलं, डोकं रिबकाच्या मांडीवर. रिक्षा फाटकात चालूच ठेवली होती. तिची धडधड सगळ्या देवळात ऐकू येत होती. मी पुलपिटाची पायरी चढलो.

"चिठ्ठ्या कुठं हायत?" मास्तरांनी खालून विचारलं.

"कुठल्या?"

"मी दिलेल्या. त्यात ह्या शब्दाची हाय. वाचायला लागंल."

जगात काही क्षण असे असतात की माणसाला पायाखालची जमीन दुभंगावी असं वाटतं. माझ्या पायाखाली नेमकं दुभंगण्यासारखं काही नव्हतं, तिथं चिठ्ठ्या होत्या. मी बोट खाली केलं.

मास्तर वाकले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यावर बसले, पुलपिटाखाली हात घातला आणि गड्डी ओढून काढली. सात वर्षांची धूळ, वाळवीनं खाल्लेला एक कोपरा, नाडी तशीच गाठ मारलेली. त्यांनी ती गाठ बघितली. ते काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"घाई करा, आजोबा," रिबका म्हणाली.

गड्डी निघाल्यावर पुलपीट डुगडुगायला लागलं. मी त्याला दोन्ही हातांनी धरलं, तरी ते थांबेना.

"मावशी," मी म्हणालो, "मी रविवारी जो ग्रीक शब्द सांगितला, तो ह्या वचनात नाही. आहे का ते मी उघडून बघितलंच नव्हतं. आणि दुसरं काही अंगात शिरायला जागा उरत नाही, हे मी मनानं घातलं."

दानियलकाका माझ्याकडं बघेनात. मावशींनी मान वळवली.

"बघितलंच न्हवतं?"

"नाही."

"मग बोललाव कामून?"

मास्तरांच्या ओठात टाचण्या होत्या. "चांगलं वाटत होतं," मी म्हणालो. "सगळे जागे होऊन ऐकत होते."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

मावशींनी डोळे मिटले. मला वाटलं गेल्याच. मग त्यांचे ओठ हलले. "मास्तर, खरं काय हाय ते वाचा."

"हा वाचंल," मास्तर म्हणाले आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. वर शब्द होता: अलेइफो. खाली आठ वचनं. मी वाचत गेलो आणि मास्तर मोजत गेले, माप घेताना मोजायचे तसे. उपास करणाऱ्यानं डोक्याला तेल लावावं. ओंदु. शिष्यांनी पुष्कळ आजाऱ्यांना लावलं. एरडु. बाया कबरेकडं निघाल्या, मेलेल्या देहाला लावायला. मूरु. एका बाईनं येशूच्या पायांना सुगंधी तेल लावलं. नाल्कु. ज्याच्या घरी जेवण होतं त्यानं मात्र पाहुण्याच्या डोक्याला साधं तेलही लावलं नव्हतं. ऐदु. मग मरिया, दोनदा. आरु. एळु. आणि शेवटी याकोब. एंटु.

"ह्यात दुसरं काही घेऊ नको असं कुठं हाय?" मावशींनी विचारलं.

"न्हाई," मास्तर म्हणाले. "आणि औषध घे असं बी न्हाई बरं का बाई. ते बी मी घालणार न्हाई, ती दुसरी चूक व्हईल. शब्दात एवढंच हाय की तेल घेतात आणि हातानं लावतात. उपाशी माणूस स्वतःला लावतो, कुणी दुसऱ्याच्या पायाला लावतं, कुणी मढ्याला लावायला निघतं. राजाबिजाचा अभिषेक न्हाई. घरातलं तेल. जवळ जाऊन बसावं लागतं, एवढाच त्याला खर्च. ह्यानं बसायचं सोडून टेबल बडवलं."

मग पिशवीतून करडईच्या तेलाची बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मी खाली उतरलो. मावशींच्या डाव्या, चांगल्या पायाशी बसलो आणि तेल लावलं. टाचांना भेगा होत्या. पाय थंड होता. रिबकानं तोपर्यंत बॅगेतून सुई काढली होती. मावशींनी स्वतःहून पदर बाजूला केला.

"चला," त्या म्हणाल्या. "रिक्षावाला बेजार झाला असंल."

दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला, मावशी वाचल्या. डॉक्टर मला मंडळीतला कुणी जबाबदार माणूस समजून म्हणाले, "कालच आणलं असतं तर एका बोटावर भागलं असतं." मी मान डोलावली, जबाबदार माणसं डोलावतात तशी. करंगळी माझ्या उपदेशानं गेली आणि शेजारचं बोट माझ्या चहानं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मास्तरांना सांगितलं. ते दवाखान्याच्या बाकावर बसून गड्डीतल्या चिठ्ठ्यांवरची धूळ बाहीनं पुसत होते. म्हणाले, "मला कशाला सांगतोस? अंगावर कुणाच्या?" मग मी आत जाऊन मावशींना सांगितलं. मावशी भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. वळल्या नाहीत. पण सिस्टरनं मला बाहेर जायला सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "बसू द्या त्याला."

लातूरला परतण्याआधी मास्तरांनी दारात उभं राहूनच, टेप न लावता, मावशींच्या पायाचं माप डोळ्यांनी घेतलं. ओठ हलताना मला दिसले.

दोन महिन्यांनी ते परत आले. तेव्हाच मी त्यांना शेवटचं बघितलं. पुढच्या उन्हाळ्यात मशीनवर बसल्या बसल्या ते गेले. मावशी तोवर घरात काठीनं चालायला लागल्या होत्या. चपलेत पाय बसत नव्हता, रिकामी जागा घासायची. मास्तरांनी कापडी जोडा शिवून आणला होता. आतून मऊ फलाटीण, जिथं बोटं नव्हती तिथं कापसाची गादी, आणि वरून निळं जीनचं कापड, पुस्तकाच्या कव्हराचं होतं तेच. अजून पक्का शिवला नव्हता. पांढऱ्या दोऱ्याची कच्ची शिलाई लांब लांब टाक्यांची.

"ट्रायल," मास्तर म्हणाले.

मावशी खाटेवर बसल्या. मास्तर खाली फरशीवर गुडघे टेकून बसले, तोंडात तीन टाचण्या, कानावर खडू. मावशींचा पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि हळूच जोड्यात सरकवला. कुठं काचतंय ते अंगठ्यानं चाचपलं. एका ठिकाणी मावशींनी डोळे बारीक केले, तिथं खडूची खूण केली. दाराशी रिबका. तिनं माझ्याशी दोन महिने नीट बोलणं सोडलं होतं, पण आज मला चहा दिला होता. बाहेरून ऊन येत होतं, आणि तो म्हातारा शिंपी त्या बाईच्या पायाशी असा वाकला होता की मला एकदम सगळं दिसलं: ती आठ वचनं, ते जेवणाचं घर, ते पाय. आणि असं काही दिसलं की माझं तोंड उघडतं, ही माझी जुनी खोड.

"मावशी," मी म्हणालो, "हे बघून आठवलं, मूळ ग्रीकमध्ये पायाशी बसण्याला..."

मास्तरांचे खांदे हलायला लागले. तोंडात टाचण्या असताना मास्तरांना हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी एक हात तोंडावर धरला, दुसरा मावशींच्या पायावर तसाच. मावशींनी माझ्याकडं बघितलं, काठी उचलून माझ्या कपाच्या कडेला टेकवली आणि म्हणाल्या,

"सर, चहा प्या आणि गप ऱ्हावा. माझी आठच बोटं उरलीत."